पित्त आणि पंगत

आईची प्रकृतीच पित्ताची, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. आईसुद्धा. पहाटे रिकाम्या पोटी कडक चहा, चतुर्थीला नि एकादशीला साबुदाणा आणि दाण्याचं कूट. रात्री सगळ्यांची पानं उठली की ती ओट्यापाशी पाट घेऊन उरलेला आमटीभात खायची, भांडी आवरायची आणि पाठ टेकायची. मध्यरात्री आंबट पाणी घशाशी आलं की उठून बसायची. कपाटात सूतशेखर, फडताळात मोरावळा, पुढे गुलाबी औषधाची बाटली.

नोकरी लागल्यावर मीही त्याच वाटेला लागले. कर्जत लोकलमधून उतरून स्वयंपाक, जेवण आणि लगेच अंथरूण. छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली, तेव्हा आईकडून आलं म्हणून गप्प बसले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. ते सैल पडलं की आम्ल वर चढतं. जठराला आतून चिकट स्रावाचं जाड अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून जळजळ तिथे होते. भरल्या पोटी आडवं झालं की आम्लाला वर यायला वाट सोपी होते. गोळी दिली ती न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची. पण खरा गुण आला तो झोपण्याआधी तीन तास जेवण उरकल्याने. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सुताराकडून सहा इंची लाकडी ठोकळे बसवून घेतले. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. डाव्या कुशीवर झोपायची सवयही लागली. मोरावळा अजून घालते, चवीसाठी.

आता मला ठाम वाटतं, आईचं पित्त प्रकृतीपेक्षा तिच्या शेवटच्या पंगतीचं होतं. तिला कधी कुणी म्हटलं नाही, तू आधी जेव.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टर गाठा. आणि आज रात्री आठला पानं घ्याल तेव्हा वाढणारीचंही पान त्याच पंगतीत मांडा.