डॉक्टर पुन्हा विद्यार्थी होतात तेव्हा

लहान मुलांच्या कॅन्सरचा डॉक्टर व्हायचं तर आधी एम.बी.बी.एस., मग बालरोगातलं एम.डी. आणि त्यानंतर कॅन्सरचं वेगळं शिक्षण. तिशी सहज उलटते. एवढं झाल्यावर कुणी पुन्हा वही-पेन घेऊन बसेल असं आपल्याला वाटत नाही. पण बसतात. अमेरिकेतल्या मेम्फिसला सेंट ज्यूड नावाचं लहान मुलांचं मोठं रुग्णालय आहे. तिथं 2019 मध्ये जागतिक बालआरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर आपापल्या दवाखान्यातलं काम सांभाळून तो करतात.

ही मंडळी नवं काय शिकतात? नवं इंजेक्शन नव्हे. तेच औषध एका देशात मुलाला वाचवतं आणि दुसऱ्या देशात का वाचवत नाही, हे शिकतात. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली शंभरातली ऐंशीहून अधिक बरी होतात, गरीब देशांत तिसाच्याही आत. 2030 पर्यंत हा आकडा सगळीकडे निदान साठावर न्यायचा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये ठरवलं.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. 2012 साली माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला, सहा वर्षांच्या पोराला, ताप येऊ लागला. उतरायचा, पुन्हा यायचा. अंगावर निळे डाग, पाय दुखतात म्हणून रात्री रडणं. एका डॉक्टरांनी दोन महिने टॉनिक दिलं. शेजारच्या आजी म्हणायच्या, "एनू आगूदिल्ल, दृष्ट लागली असेल." शेवटी बेळगावला रक्त तपासलं आणि कागद हातात देऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला जा म्हणून सांगितलं. ब्लड कॅन्सर.

जाऊ गोकाककडची. कन्नड शाळेत शिकलेली, मराठी बोलते पण वाचत नाही. संकेश्वराहून कोल्हापूर, तिथून महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि सकाळी मुंबईत उतरल्यावर हिंदी-इंग्रजीतले फॉर्म. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून निभावलं. या धर्मशाळेनं आजवर किती कॅन्सरच्या रुग्णांना आसरा दिला असेल, त्याला गणती नाही.

या आजाराचं औषध दोन-अडीच वर्षं चालतं. आपल्याकडं खरी अडचण इथंच येते. पहिल्या काही महिन्यांत पोराचा चेहरा भरतो, खेळू लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं. आमच्या दिराचंही तसंच झालं. उसाची तोड आलेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, धाकटी मुलगी आजोळी. "आता काय झालंय त्याला? पुढच्या हंगामानंतर जाऊ," असं त्यांनी ठरवलंच होतं. तारीख चुकली आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला: का आला नाहीत? भाड्याची अडचण आहे का? जाऊ फोनवरच रडली. त्याच रात्री ती मुलाला घेऊन निघाली.

फोन करणाऱ्या बाईंचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. पण असा फोन आपोआप येत नसतो, त्याच्यामागं कुणीतरी विचार केलेला असतो, हे आता कळतं. टाटामध्ये 2009 च्या सुमारास शंभरातली वीसेक मुलं उपचार नाकारत किंवा अर्धवट सोडून जात. तिथल्या बालविभागाच्या प्रमुख डॉ. पूर्णा कुरकुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राहणं, खाणं, पैसा, समुपदेशन हा सगळा उपचाराचाच भाग धरला. काही वर्षांत ते प्रमाण पाचाच्या आसपास आलं. मला तर हा शोध एखाद्या नव्या औषधाइतकाच मोठा वाटतो.

तसं औषधाच्या बाबतीतही अशीच गोष्ट घडली होती. 1984 च्या सुमारास टाटाचे डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेतले डॉ. इयान मॅग्राथ यांनी भारतातल्या परिस्थितीला पेलेल अशी ब्लड कॅन्सरची उपचारपद्धती बसवली. एम.सी.पी. 841 हे तिचं नाव. त्याआधी पाचातलं एखादंच मूल वाचायचं, पुढं निम्म्याच्या आसपास वाचू लागली. परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचलली असती तर ती इथं झेपली नसती.

आपल्या भागाची आणखी एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. आजार सीमा बघत नाही, कार्ड मात्र बघतं. कर्नाटकाचं आरोग्य कार्ड घेऊन मुंबईत गेलं की त्याचा किती उपयोग होईल ते आधी विचारावं लागतं. बेंगळूरच्या किदवाई संस्थेत भाषेचा आणि कार्डाचा प्रश्न सुटतो, पण कोल्हापूरकडं पाहुणे असणाऱ्याला मुंबईच जवळची वाटते. 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचं ठरवलं, त्यावरून दोन्हीकडं वादही झाला. वादाचं ज्याचं त्यानं बघावं. पोर आजारी असलेल्या आईला एवढंच हवं असतं की कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, हे कुणीतरी तिच्या भाषेत सांगावं.

पुतण्या आता मोठा झालाय, माझ्याहून वीतभर उंच. उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटात 1991 पासून वेगळं क्लिनिक चालतं, तिथं तो वर्षातून एकदा जातो. गेल्या खेपेला शेजारच्या बाकावर विजापूरकडची एक बाई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, फॉर्म उलटासुलटा करत. यानं तो तिच्याकडून घेतला आणि कन्नडमधून एकेक ओळ समजावत भरून दिला. जाऊ सांगत होती, "अक्का, त्यात त्याचा नंबर गेला. पुन्हा दोन तास बसलो."