दाराआडचं पोर

• बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना गाडीत कानावर पडलेलं. लेक माहेरून परत निघालेली, गप्प. माय समजावते, "म्या बी मार खाल्ला माय, मोडला का माहा संसार?" मांडीवरचं पोर दोघींच्या तोंडाकडे पाहत होतं.

• राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायांना एक प्रश्न असतो: तुमच्या वडिलांनी तुमच्या आईला कधी मारलं होतं का? 2005-06 च्या फेरीत 'हो' म्हणणाऱ्यांमध्ये स्वतः नवऱ्याचा मार सोसलेल्यांचं प्रमाण 'नाही' म्हणणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं.

• 1961 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी लहान मुलांसमोर मोठ्या माणसाला एक बाहुला बदडायला लावला. पुढे तोच बाहुला हाती येताच त्यातली बरीच मुलं तसंच बदडू लागली, काही तर तेच शब्द वापरून.

• मारहाणीच्या घरात मुलगा दोन धडे शिकतो. राग आला की हात उचलायचा, हा पहिला. सकाळी बाप चहा मागतो, माय देते, कोणी काही बोलत नाही, हा दुसरा. दुसरा जास्त मुरतो. मुलगी शिकते की मार हा पावसापाण्यासारखा. आला की आडोसा शोधायचा.

• पण 'खाण तशी माती' ही म्हण इथं पुरी पडत नाही. मार पाहिलेली कितीतरी पोरं पुढे हात उचलत नाहीत.

• शेणगावच्या डेबूजीचा बाप, झिंगराजी, दारूपायी गेला. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला भावाकडे आली. पुढे डेबूजीच्या लेकीचं बारसं आलं. भाऊबंदांना दारू-मटण घालायचा रिवाज होता. त्यानं गोड जेवण वाढलं. हेच पुढे गाडगेबाबा. गोष्ट दारूची आहे, मारहाणीची नाही. पण बापाचं पाहिलेलं आपल्या उंबऱ्यावर अडवायचं, ते असं, चारचौघांत.

• "नवरा-बायकोच्या मधात आपण कायले पडा?" गल्लीतलं हे शहाणपण दाराआडच्या पोराला धरतच नाही. भांडण दोघांचं, पाहणारं तिसरं.

• 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि मुलांचा तात्पुरता ताबा त्यातून मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्याला खबर शेजारीही देऊ शकतो. चांगल्या हेतूनं दिली तर त्याच्यावर काही बालंट येत नाही. मदतीचे फोन: महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.