आबांनी उतरवलेली गाडी

माझ्याकडे नऊ वर्षे मर्सिडीज गाडी होती, असे सांगितले की ऐकणारा आधी माझ्या पायांतल्या चपलांकडे बघतो आणि मग तोंडाकडे. त्यात त्याची काही चूक नाही. मी कारकून माणूस. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तो अजून त्याच टेबलाच्या आसपास आहे. वीस तारीख उलटली की आमच्या घरातली भाजी बदलते, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. अशा माणसाने मर्सिडीज घेतली म्हटल्यावर चार तोंडांनी चार गोष्टी बोलणारच. तशा त्या बोलल्या गेल्याही. म्हणून वाचकहो, एकदा सगळा हिशोब मांडून टाकावा असे ठरवले. कारकुनाला दुसरे काय येते!

गोष्ट सुरू होते १९९५ साली. आम्ही पिंपरीत राहत होतो. त्या वर्षी पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली. कंपनीच्या भाषेत त्या मॉडेलला डब्ल्यू १२४ म्हणतात. पेट्रोलची ती ई २२० आणि डिझेलची ती ई २५० डी. सुटे भाग जर्मनीहून येत आणि इथे जोडले जात. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, एका मजूर ठेकेदाराकडे होते. भागांची लाकडी खोकी ट्रकमधून उतरवायची आणि पहारीने उघडायची, हे त्यांचे काम.

आबांचे शिक्षण दुसरीपर्यंत. पण रात्री जेवताना ते खोक्यांची अशी गोष्ट सांगत की आम्ही घास हातात धरून ऐकत राहू. "एक बोल्ट इकडचा तिकडं न्हाई. ज्यानं भरलंय त्यानं मन लावून भरलंय. त्यो कोण, कुठला, ठावं न्हाई. पर गडी चांगला असणार." सातासमुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या एका हमालाबद्दल आमच्या आबांना आदर होता. त्या गाडीत बसण्याबद्दल मात्र ते एकदाही बोलले नाहीत. ती गोष्ट त्यांच्या मनात येतच नसावी.

रिकाम्या खोक्यांचे लाकूड भंगारात निघे. आबांनी रीतसर पैसे भरून त्यातल्या चार-पाच फळ्या घरी आणल्या आणि माझ्या पुस्तकांसाठी भिंतीला मांडणी ठोकली. तिच्या बाजूच्या फळीवर काळ्या रंगात चार ठळक अक्षरे छापलेली होती, पण उलटी. मी मान वाकडी करून ती वाचली, 'ओबेन'. इंग्रजीच्या डिक्शनरीत हा शब्द काही सापडेना. अकरावीपासून बी.कॉम.पर्यंतचा सगळा अभ्यास मी त्या मांडणीखाली बसून केला, पण तो शब्द तसाच राहिला. नोकरीला लागल्यावर कळले की तो जर्मन आहे आणि त्याचा अर्थ 'वर'. खोके ठेवताना ही बाजू वर असू द्या, एवढेच ते सांगणे. आबांना अक्षर कळत नसल्यामुळे आमच्या घरात ती बाजू खाली गेली होती. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते खो खो हसले. "मग पुस्तकं पडली का रं तुझी?" म्हणाले. पुस्तके कधी पडली नव्हती.

आता गाडीकडे येतो. २०१३ साली ओळखीतल्या एका डॉक्टरांना आपली १९९६ ची ई २५० डी काढून टाकायची होती. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झालेली होती. पण डिझेलचे जुने धूड, सुटे भाग महाग, दारात जागा अडते, म्हणून कोणी घेईना. किंमत सांगितली एक लाख पस्तीस हजार. सोसायटीचे कर्ज पंचाऐंशी हजार आणि बाकीची शिल्लक, असे करून मी ती घेतली. नवी छोटी गाडी घ्यायची तर याच्या दुप्पट पैसे लागले असते. नेमकी हीच गाडी आबांच्या हातची कशावरून, असे कोणी विचारील. ते मला सिद्ध करता येणार नाही. पण ती पिंपरीतच जुळवलेली होती आणि त्या वर्षी आबा तिथे खोकी उघडत होते, एवढे मला पुरे होते.

आमच्या सौ.ने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लोक म्हणतील, वस्तीच्या वर्गणीतून घेतली." आणि तसेच झाले. मी मंडळाच्या कामात, वर्गणीचा हिशोब माझ्याकडे. एका बैठकीत मागच्या रांगेतून आवाज आला, "समाजकार्याला आता मर्सिडीज लागते काय?" माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी मी माझे पासबुक, कर्जाचा कागद आणि गाडीची पावती बैठकीत सर्वांसमोर ठेवली. ज्याने विचारले होते त्याने ती वाचली आणि परत दिली. पुढे त्याच्याच बहिणीला बाळंतपणासाठी रात्री दोन वाजता मी त्या गाडीतून नेले. पण ते नंतरचे.

लोकांना मी तेव्हा एक गोष्ट सांगत असे, तीच इथे सांगतो. आपल्याकडे ही शेटची गाडी. जर्मनीत ती शेटचीही आहे, पण त्याहून जास्त ती टॅक्सीवाल्याची आहे. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने २६० डी ही डिझेलवर चालणारी मोटार मांडली आणि तिला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते टॅक्सीवाल्यांचे. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट. पश्चिम जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग ठरला आणि त्या रंगातली मर्सिडीज डिझेल दर स्टेशनाबाहेर उभी दिसू लागली. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून लाखो मजूर जर्मनीच्या कारखान्यांत कामाला गेले. सुट्टी लागली की टपावर सामान बांधून, बायकापोरांना घेऊन ते हजारो किलोमीटर गाडी हाकत गावी जात, आणि जुनी मर्सिडीज ही त्यांच्या पसंतीची गाडी होती. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचे टॅक्सीवाले ग्रिगोरिओस साखिनिदिस यांनी १९७६ ची आपली २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. पृथ्वीला ११५ फेऱ्या होतील एवढे हे अंतर. माझी गाडी ही त्याच घराण्यातली. हे मॉडेल जर्मनीत १९८४ साली आले आणि पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

आपल्या बुजुर्गांना ही चांदणी ट्रकवरून माहीत असेल. १९५४ पासून टाटांचे ट्रक जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला बनत आणि करार होता तोवर, म्हणजे १९६९ पर्यंत, त्यांच्या तोंडावर तीच चांदणी असे.

त्या चांदणीचा सगळाच इतिहास उजळ आहे असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, डाइम्लर-बेन्झ कंपनीच्या कामगारांतले जवळजवळ निम्मे लोक सक्तीने राबवलेले होते. परदेशांतून पकडून आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावण्यांतली माणसे. कंपनीने पुढे हे स्वतः मान्य केले. आबांना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तिथंबी." एवढेच.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी आबा आधी तिच्याभोवती दोनदा फिरले. बॉनेटची फट बोटाने चाचपून पाहिली. दार उघडले, लावले, पुन्हा उघडले. ते दार लावताना आदळत नसे, धान्याचे पोते अलगद खाली ठेवावे तसा दबका आवाज होई. मी मागचे दार उघडून म्हटले, "बसा आबा." ते म्हणाले, "मागं नगं. मागं साहेब बसत्यात." आणि पुढे माझ्याशेजारी येऊन बसले. त्यानंतर सहा वर्षे ते तिथेच बसत आले.

पहिल्या पावसात त्यांना वायपरचा शोध लागला. त्या गाडीला समोर एकच वायपर. पण तो नुसता अर्धगोल फिरत नाही. फिरता फिरता लांब होतो, कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि पुन्हा आखूड होतो. काचेचा ८६ टक्के भाग तो एकटाच पुसतो. आबा त्याच्याकडे लहान मुलासारखे बघत राहिले आणि म्हणाले, "एकटाच हाय, पर दोघांचं काम करतोय." आई गेल्यानंतर ते आम्हा तिघा भावंडांना कसे वाढवत होते ते मला त्या वेळी आठवले. मी काही बोललो नाही. ते काही आईबद्दल बोलत नव्हते, वायपरबद्दलच बोलत होते.

गाडीने त्रासही दिला. त्या डिझेल इंजिनात चावी फिरवली की हवेच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, डिझेल तुटते आणि इंजिन बंद पडते. रबरी नळ्या वीस वर्षांच्या झाल्या, चिरल्या, हवा गळू लागली. एकदा भर बाजारात चावी माझ्या हातात आणि गाडी आपली सुरूच! लोक जमले. शेवटी बॉनेट उघडून इंजिनावरचा खटका हाताने दाबला तेव्हा कुठे ती थांबली. आमचे मिस्त्री म्हणजे मोठा गुणी माणूस. मीटरने नळी आणून त्यांनी दीडशे रुपयांत काम केले. म्हणाले, "ही गाडी खोलता येते, म्हणून आवडते. नवीन गाड्यांत आधी कॉम्प्युटर लावावा लागतो." या गाड्यांवर लोकांचा जीव जडतो त्याचे कारण मला तरी हेच वाटते. ज्याने ती बांधली त्याने पुढे दुरुस्त करणाऱ्याचा हात कुठे जाईल याचा विचार केला होता. एका कामगाराने दुसऱ्या कामगाराची सोय ठेवली होती.

२०१९ च्या पावसाळ्यात एका पहाटे आबांच्या छातीत कळ आली. गाडी मागवायला वेळ नव्हता, ती दारात होतीच. आम्ही त्यांना उचलून मागच्या सीटवर आडवे केले, सौ.ने डोके मांडीवर घेतले. पाऊस कोसळत होता. तो एकटा वायपर लांब-आखूड होत काच पुसत होता आणि मी मागे वळून बघायचे टाळत होतो. डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली. चौथ्या दिवशी आबा गेले. मागच्या सीटवर ते बसले असे नाही, पण गेले ते तिथूनच.

२०२१ मध्ये नोंदणीची मुदत संपली. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर, टायर, पुढचे सस्पेन्शन. त्याच वर्षी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती. हिशोब करायला मला अर्धा तासही लागला नाही. भंगारवाला साठ हजार द्यायला तयार होता. कोल्हापूरकडचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन पंचावन्नच देत होता, पण नोंदणी स्वतः करून ती चालती ठेवीन म्हणाला. मी भंगाराकडे झुकलो होतो. पाच हजार म्हणजे आमच्या घरात लहान रक्कम नव्हे. तेव्हा सौ.च म्हणाली, "आबांनी जी उघडली ती तोडायला द्यायची नाही." घेताना दोन दिवस अबोला धरणारी हीच बाई. गाडी कोल्हापूरला गेली.

जर्मनीत १९९७ पासून एक पद्धत आहे. मोटार तीस वर्षांची झाली आणि चांगल्या स्थितीत असली तर तिच्या नंबरापुढे 'एच' अक्षर लागते, ती ऐतिहासिक ठरते आणि तिला ठरावीक कर बसतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमाने हा मान पन्नास वर्षांनंतर मिळतो. आमच्या गाडीला तीस वर्षे २०२६ साली आणि पन्नास २०४६ साली. तोवर ती चालती राहिली तर उत्तमच.

मांडणी अजून आमच्या भिंतीला आहे. आता तिच्यावर मुलीची नर्सिंगची पुस्तके असतात. मध्यंतरी तिने विचारले, "पप्पा, ही फळी काढून सुलटी लावू का? अक्षर उलटं दिसतं." मी म्हटले, राहू दे. आबांनी ठोकलेले खिळे आहेत, काढताना लाकूड फुटेल.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही कोणी असेल, ज्याने दुसऱ्याची वस्तू वाहिली, जोडली, पुसली आणि कधी वापरली नाही. तो आहे तोवर रात्री जेवताना त्याला त्या वस्तूची गोष्ट विचारा. माझ्या आबांना मी पुष्कळ विचारले. एक विचारायचे राहिले. खोके उघडताना त्या चार अक्षरांवरून त्यांचा हात इतक्या वेळा फिरला, तेव्हा ती काय असतील असे त्यांना वाटत असे?