शून्य ओळी

आमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही, सभासदांचं रजिस्टर आणि देवघेव असं सगळं एक्सेलमध्ये भरून झालं होतं. पण कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, कोणाची वर्गणी थकली आहे, हे तीन शीटांमधून डोळ्यांनी जुळवताना दुपार जायची. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काकू, हे एक्सेलचं काम नाही, डेटाबेसचं आहे. एसक्यूएल शिका." त्यानेच एसक्यूलाइट डाउनलोड करून दिलं. फुकट, सर्व्हर वगैरे काही नको, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली आणलं, आणि आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्येही ते असतं.

भाषा तशी सोपी. सिलेक्ट म्हणजे काय हवं, फ्रॉम म्हणजे कुठून, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. घोळ व्हायचा तो टाइप करताना. शेवटचा अर्धविराम राहिला की ती काळी खिडकी तीन टिंबं दाखवून गप्प बसते. मला वाटायचं, कॉम्प्युटर अडकला. आणि फ्रॉम लिहिताना बोटं फॉर्म लिहितात, हे तर नवशिक्यांचं ठरलेलंच. गंमत अशी, की 'सिलेक्ट नाव फॉर्म सभासद' असं लिहिलं तर एरर फॉर्मवर बोट ठेवत नाही. तो म्हणतो, 'निअर सभासद'. आता सभासद या शब्दात काय चुकणार? पण रकान्याच्या नावापुढे दुसरा शब्द आला की एसक्यूलाइट तो त्या रकान्याचं टोपणनाव धरून चालतं. फॉर्म हे टोपणनाव झालं, आणि मग सभासद मध्येच कुठून उपटला, हे त्याला कळेना. दाखवलेल्या शब्दाच्या अलीकडे बघायचं, हे मला तिथे समजलं.

असे एरर मला आवडायला लागले, खरंच. निदान तोंड उघडतात.

समितीला एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी हवी होती. ज्यांचा दाखल क्रमांक देवघेवीत 'नॉट इन', ती पुस्तकं मागितली. उत्तर आलं शून्य ओळी. एररही नाही. समोर कपाटात धूळ खात पडलेले खंड तर मला बसल्या जागेवरून दिसत होते! शोधता शोधता देवघेवीतली एक नोंद सापडली, तिच्यात दाखल क्रमांकच भरलेला नव्हता. ती जागा नल. नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. यादीत एक अनोळखी बसलाय म्हटल्यावर कुठल्याच पुस्तकाबद्दल 'हे यादीत नाही' असं छातीठोक सांगता येत नाही, आणि व्हेअरला तर पक्कं 'हो' लागतं. सगळी पुस्तकं गळाली. देवघेवीतले क्रमांक काढणाऱ्या आतल्या क्वेरीत 'इज नॉट नल' घातल्यावर यादी आली, आणि ती भलतीच लांब निघाली. नलवरून जाणकारांत वाद आहेत म्हणे, पण ग्रंथपालाला नल पटायला हरकत नाही. नोंद सापडली नाही म्हणून पुस्तक नाही, असं आम्हीही म्हणत नाही.

खरा छळ केला तो कऱ्हाडने. कऱ्हाडचे सभासद मागितले की थोडेच यायचे. राहिलेल्यांची नावं उघडून पाहिली तर गाव तेच, अक्षरं तीच, पडद्यावर तसूभर फरक नाही. मोकळी जागा चिकटली असेल म्हणून ट्रिम लावून पाहिलं, काही नाही. शेवटी लेंग्थ विचारली. एका कऱ्हाडची लांबी सहा, दुसऱ्याची सात! पहिल्यात क, ऱ, पाय मोडल्याची खूण, ह, काना, ड. दुसऱ्यात ऱ च्या जागी साधा र, आणि पाय मोडल्यावर एक अदृश्य जोडचिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. नोंदी दोघींनी भरल्या होत्या, दोघींचे कीबोर्ड वेगळे. डोळ्यांना दोन्ही रूपं सारखी, पण एसक्यूलाइट बाइटला बाइट लावून तुलना करतं, त्याला ही दोन गावं. गोऱ्हे, कऱ्हाडे, बऱ्हाटे या आडनावांचीही तीच गत झाली होती.

त्या जोडचिन्हाचा क्रमांक ८२०५. तो धरून साधा र, पाय मोडल्याची खूण आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि पाय मोडल्याची खूण, असं रिप्लेस चालवलं, आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवून. सगळे सात सहा झाले.

'कराड' लिहिणारे सभासद तेवढे तसेच ठेवले आहेत. अर्जावर त्यांनी स्वतःच्या हाताने तसं लिहिलंय, ते बदलणारी मी कोण? शोधताना दोन्ही नावं देते.