दोन झटके

आमच्या घरी एक लहानशी होडी आहे आणि तिच्या पाठीला आठ अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर. वसईच्या खाडीतून खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींपुढे ती म्हणजे खेळणेच. परंतु वडिलांचा सारा जीव तिच्यात. आम्ही दोघे भाऊ नोकरदार. दर्याशी आमचे नाते सुट्टीपुरते.

2025 च्या पावसाळ्यानंतर ती मोटर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून आमचे खांदे भरून आले. तीसएक झटके दिल्यावर ती गुरगुरे, धूर सोडी आणि पुन्हा गप्प होई. मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला आणि पिंपातल्या पाण्यात बुडवून दोन झटक्यांत मोटर चालू करून दाखविली. घरी आणली, तर पुन्हा तेच! असे दोनदा घडल्यावर आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही मुद्दाम काम अर्धवट ठेवता." मजुरीचे सातशे रुपयेही दिले नाहीत. ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्यांदा त्यांच्याकडून मोटर आणली, त्या दिवशी मात्र ती किनाऱ्यावर चटकन सुरू झाली. आम्ही हरखलो आणि आजारातून नुकतेच उठलेल्या वडिलांना घेऊन होडी पाण्यात लोटली. पाच मिनिटेही झाली नसतील, किल्ल्यासमोर मोटर बंद पडली. ओहोटी लागलेली. होडी खाडीच्या मुखाकडे सरकू लागली आणि आम्ही आळीपाळीने दोरी ओढीत सुटलो.

"दोरी सोडा. आधी नांगर टाका," वडील म्हणाले.

नांगराने तळ धरला तेव्हा कुठे आमची डोकी चालू लागली. बंद करण्याच्या बटणाची सुरक्षा-दोरी जागेवर होती. नळी घट्ट बसलेली, तिच्यावरचा रबरी फुगा दाबून कडक झालेला. म्हणजे इंधन पोहोचत होते. प्लग काढून धातूला टेकवला, झटका दिला. ठिणगी निळी, स्वच्छ. ठिणगी आहे, इंधन आहे, तरी पेट नाही!

वडिलांनी विचारले, "मिस्त्रीने पेट्रोल कुठलं घातलं होतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यांनी प्रत्येक वेळी आपला डबा जोडला होता. आम्ही त्यांच्याकडे नेत होतो ती फक्त मोटर. टाकी आमच्या पडवीतच होती. कार्बोरेटरमध्ये त्यांच्या पेट्रोलाचा घोट उरला होता, तेवढ्यावर आम्ही किल्ल्यापर्यंत आलो होतो.

पाण्याची बाटली रिकामी करून तिच्यात टाकीच्या तळाचे इंधन घेतले. बाटली उन्हात धरली, तो दोन थर स्पष्ट दिसले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पाणी जास्त झाले की इथेनॉल पेट्रोलाला सोडते आणि पाण्यासह तळाशी बसते. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. त्याहून वाईट म्हणजे मोटरीच्या वंगणासाठी मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलात राहते. मोटर त्या तळच्या पाण्यावर चालली नाही, हे आमचे सुदैवच म्हणायचे.

पाणी आले कोठून? झाकणावरचा हवेचा स्क्रू पावसाळाभर उघडा राहिला होता आणि टाकी पागोळ्यांखाली होती. वडील दरवर्षी मे महिन्यातच टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवीत. त्या वर्षी ते अंथरुणावर होते. स्क्रू आमच्यापैकी कोणी उघडा ठेवला, हे अद्याप ठरलेले नाही.

ओळखीच्या एका बोटीने दोर टाकून आम्हांला किनाऱ्याला आणले. दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन, सुकवून ताजे पेट्रोल भरले, कार्बोरेटरमधले सारे बाहेर काढले. दोन झटक्यांत मोटर सुरू झाली.

संध्याकाळी सातशे रुपये घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो. काय बोलावे, याची वाटेत तालीम केली होती. दारात शब्द सुचेनात. वडिलांच्या सांगण्यावरून ती बाटली सोबत घेतली होती, तीच पुढे केली. मिस्त्रींनी ती दिव्यापुढे धरली, हलवली, थर पुन्हा वेगळे होईपर्यंत पाहत राहिले. मग फळीवरून कागदाची पुडी काढून आमच्या हातावर ठेवली. आत आमचा जुना प्लग होता, घासून लख्ख केलेला.

"हा चांगलाच होता," ते म्हणाले. "होडीत असू द्या."