सगळीच सूज ॲलर्जीची नसते

सुरतच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांतल्या दवाखान्यांत कुणी ओठ सुजवून आला की एव्हिलचं इंजेक्शन आणि सेट्रिझिन ठरलेलं. बहुतेकांना ते लागूही पडतं, कारण बहुतेकांची सूज खरोखरच ॲलर्जीची असते. मला काळजी वाटते ती उरलेल्यांची. त्यांच्या अंगावर गांधी उठत नाहीत, खाज सुटत नाही, इंजेक्शनने सूज हलत नाही. दोन-चार दिवसांनी ती आपोआप उतरते आणि पुन्हा येते. अशा रुग्णाला ‘ॲलर्जी’ म्हणून घरी पाठवण्याआधी रक्तातलं सी-४ हे प्रथिन तपासलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अशी सूज आनुवंशिक अँजिओएडेमाची असू शकते. त्यात सी-१ इनहिबिटर हे प्रथिन कमी पडतं किंवा निकामी असतं, त्यामुळे ब्रॅडिकायनिन वाढतं आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून सूज येते. हिस्टामिनचा इथे संबंधच नसल्याने ॲलर्जीची औषधं वाया जातात. डॉक्टर ऑस्लरने हा विकार घराण्यात चालत येतो हे १८८८ मध्ये नोंदवलं, प्रथिनाची उणीव १९६३ मध्ये सापडली. तरीही आतड्यांना सूज येऊन पोट असह्य दुखू लागलं की अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया होतात, आणि सूज घशात उतरली तर श्वास कोंडून माणूस दगावतो.

इतक्या दुर्मीळ आजारासाठी एवढी धावपळ कशाला, असं कुणी म्हणेल. साधारण ५०,००० माणसांत एक रुग्ण असा अंदाज धरला जातो. २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची वस्ती ४४ लाखांच्या वर होती, म्हणजे या एकाच शहरात नव्वदच्या आसपास माणसं निघतील. शिवाय आईवडिलांपैकी एकाला दोष असला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. सुरतच्या मराठी वस्तीत नेमका हाच धागा तुटतो. रुग्ण इथे यंत्रमागावर, काका अमळनेरला, आत्या नंदुरबारला. ‘घरात कुणाला असं होतं का?’ याचं उत्तर ताप्ती रेल्वे लाइनच्या दुसऱ्या टोकाला असतं. म्हणून डॉक्टरांनी गावाकडच्या नातेवाइकांबद्दल मुद्दाम विचारावं, गळा सुजून अचानक गेलेल्यांबद्दलही. अर्थात सुमारे चौथाई रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा त्रास नसतो, त्यामुळे ‘घरात नाही’ एवढ्यावरून शंका सोडून देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निदान झालं तरी इकॅटिबँट, लॅनाडेलुमॅबसारखी औषधं कामगाराला परवडणार कशी? परवडणार नाहीतच, आणि त्यासाठी सरकारी मदतीची मागणी लावून धरायलाच हवी. पण निदानाचा उपयोग तेवढ्यापुरता नाही. डॅनॅझॉल आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड ही जुनी औषधं अनेकांचे झटके कमी करतात. डॅनॅझॉल मात्र गरोदरपणात चालत नाही आणि लहान मुलांना शक्यतो टाळतात. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल द्यायचं नाही हे कळतं, कारण त्यांनी ब्रॅडिकायनिन आणखी साचतं. दाढ काढण्याआधी दंतवैद्याला सावध करता येतं, नको ती शस्त्रक्रिया टळते. सी-४ कमी निघालं तर पुढे सी-१ इनहिबिटरची पातळी आणि त्याचं काम, दोन्ही तपासावं लागतं. सूज नसताना सी-४ ठीक आलं तरी झटक्याच्या वेळी पुन्हा पाहावं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये या विकारावर भरीव काम झालं आहे. सुरतहून त्याहून जवळ, मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात, आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष हा तिचा अभ्यासविषयच आहे. संशयित रुग्णाची चिठ्ठी तिकडे लिहावी आणि सोबत त्याच्या भावंडांची, मुलांचीही नावं घालावीत.