चाळिशीला गोफ

आपल्या भाषेने चष्म्याला 'चाळिशी' असे नाव देऊन ठेवले आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते, जवळचे अक्षर पुसट होते आणि माणूस वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागतो. हा काही रोग नव्हे. केस पिकतात तसे हे डोळ्याचे पिकणे. ते मास्तरांना चुकत नाही आणि शेतकऱ्यालाही चुकत नाही. फरक एवढाच की मास्तरांची चाळिशी दिवसभर नाकावर असते आणि शेतकऱ्याची घरी फडताळात असते.

तिला तिथे ठेवण्यात शेतकऱ्याचा दोष नाही. आमच्या फैजपूर, यावल, रावेरच्या केळीपट्ट्यात काम कसले, तर खाली वाकण्याचे नाहीतर वर पाहण्याचे. पिल कापायची तर वाका, वाळली पाने उतरवायची तर मान वर करा, घड खांद्यावर घ्यायचा तर मान बाजूला करा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की नाकावर घामाची धार लागते आणि चष्मा घसरगुंडी खेळतो. केळीच्या पानाचा एक फटका बसला की तो चिखलात, आणि विहिरीत डोकावले की पाण्यात. दोन वेळा असे झाले की तिसरा चष्मा माणूस शेतात नेतच नाही.

फैजपूरजवळच्या एका गावातले एक आबा माझ्या परिचयाचे. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत त्यांच्या बांधावरून चाललो होतो. पिंप भरून तयार होते आणि आबांच्या हातात बाटली होती. मी विचारले, "आबा, चष्मा कुठे?"

"घरी हाये, साहेब. शेतात आनला का जातोच. एक इहिरीत गेला, एक केळीत पायाखाली गेला. आता नातू आला का तो वाचतो."

नातू शाळेत गेला होता. बाटलीचा रंग गेल्या वर्षीच्या औषधासारखाच होता, म्हणून आबांनी तीच उचलली होती. मी ती हातात घेऊन वाचली. ते तणनाशक होते, टू-फोर-डी. कपाशीचे आणि त्याचे हाडवैर, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नुसता वारा त्याचे तुषार घेऊन आला तरी कपाशीची पाने चिमटून जातात; इथे तर ते थेट झाडावर पडणार होते. आबांनी बाटली बांधावर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोळे घरी ठेवून आलो म्हना ना."

त्यांचे हे वाक्य माझ्या मनात राहिले. औषधाच्या बाटलीवर जो रंगीत त्रिकोण असतो तो अशिक्षितालाही कळावा म्हणून असतो. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. पण कोणते औषध, कोणत्या पिकाला, किती मिलिलीटर, हे सगळे बारीक अक्षरातच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि सगळी काही चष्म्यापाशी येत नाहीत. तरी ज्याला बाटली वाचता येत नाही त्याच्या हाती ती देणे कधीच शहाणपणाचे नाही, एवढे तर खरे.

चष्म्याने वाचनच सुधारते असेही नाही. आसामात चहाची पाने खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर एक प्रयोग झाला. तो २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय मासिकात छापून आला. निम्म्या मजुरांना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे आधी दिले, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर दिले. चष्मा मिळालेल्यांची खुडणी दुसऱ्यांपेक्षा सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली, आणि पन्नाशीपुढच्यांमध्ये हा फरक ३१.६ टक्के निघाला. पान खुडायला जी नजर लागते तीच कापसाच्या पानामागचे तुडतुडे पाहायला, डाळ निवडायला आणि सुईत दोरा ओवायला लागते.

तेव्हा चाळिशी शेतात यायला हवी, आणि यायची तर तिला दावे हवे. आबांना मी हे सुचवले, पण ते मान हलवू लागले. म्हणाले, "दोरीचा चष्मा म्हंजे मोडका चष्मा. सोयरे हसतील." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. काडी तुटली की तिच्या जागी पांढरा दोरा कानाभोवती गुंडाळलेले म्हातारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दोरी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे दारिद्र्य येते. खरे पाहता दोरी ही काडीच्याही आधीची. पूर्वीच्या चष्म्यांना काड्या नव्हत्याच. ते नाकावर चिमटून बसवीत किंवा दोऱ्याचे फासे कानात अडकवीत. काड्यांचे चष्मे लंडनला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाले. पण इतिहास सांगून सोयऱ्यांचे हसू थांबत नाही. ते थांबते नेटक्या कामाने. आबांच्या सूनबाईंनी मनावर घेतले आणि दोन दुपारींत असा गोफ करून दिला की शेजारच्या दोघी तो पाहायला आल्या.

सूनबाईंची रीत आणि तिच्यात मी घातलेली थोडी भर, दोन्ही इथे देतो.

प्रथम गोफ. नायलॉनची दोरी घेऊ नये. ती मानेला काचते आणि तुटत नाही. तुटत नाही हा इथे गुण नव्हे, त्याचे कारण पुढे येईल. करदोड्याचा बारीक सुती गोफ बाजारात मिळतो, तो चांगला. नाहीतर जाड सुती दोऱ्याचे तीन पदर घेऊन वेणी घालावी. रंग काळा किंवा तपकिरी असावा, म्हणजे केळीच्या चिकाचे डाग दिसत नाहीत.

मग माप. माप दुसऱ्याच्या डोक्यावरून घेऊ नये. चष्मा लावून एका काडीच्या टोकापासून मानेमागून दुसऱ्या काडीच्या टोकापर्यंत दोरा धरावा आणि मान खाली-वर करून पाहावी. मानेमागे चार बोटे सरकतील एवढी ढील ठेवावी. चष्मा काढून छातीवर लोंबता ठेवायचा असेल तर गोफ लांब लागतो, पण तो घरच्या कामाला, दुकानात बसायला. शेतात आखूडच बरा. या मापाचे दोन सारखे तुकडे करावेत. बांधणीसाठी प्रत्येकाला दोन इंच जास्त धरावेत.

आता काडी. ती साबणाने धुऊन कोरडी करावी, कारण कानामागचे तेल-घाम राहिले तर कोणतीही गाठ घसरते. बिजागरीचा स्क्रू सैल असेल तर आधी आवळून घ्यावा. काडीला भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नये, प्लॅस्टिक तडकते. बहुतेक काड्या टोकाशी थोड्या रुंद असतात आणि त्याच्या अलीकडे किंचित निमुळत्या. बांधणी त्या निमुळत्या जागी करावी, म्हणजे मागे ओढ बसली तरी रुंद टोक तिला अडवते. काडी तारेसारखी बारीक असेल तर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घ्यावी. तिचा दीड इंचाचा तुकडा ओला करून काडीच्या टोकावर चढवावा आणि बांधणी त्या रबरावर करावी. रबर काडीलाही धरते आणि दोऱ्यालाही.

बांधणी गाठीची करू नये, गुंडाळीची करावी. गाठ कानामागे टोचते आणि दिसायलाही ओबडधोबड. आसुडाच्या मुठीला जशी दोऱ्याची गुंडाळी असते तशी ही करायची. गोफाचे टोक काडीच्या खालच्या अंगाला, बिजागरीच्या दिशेने, इंचभर आडवे ठेवावे. शिवणाचा मजबूत दोरा घेऊन त्याचा एक लांबट फासा त्याच जागी काडीवर ठेवावा आणि उरलेल्या दोऱ्याने मागून पुढे वेढे घ्यावेत. पाच-सहा वेढे झाले की गोफाचे टोक उलटे वळवून त्या वेढ्यांवर ठेवावे आणि आणखी सहा-सात वेढ्यांनी मागेपर्यंत झाकून टाकावे. असे दुमडलेले टोक निसटत नाही. शेवटी दोरा त्या फाशातून घालून फाशाचे दुसरे टोक ओढावे, म्हणजे दोरा वेढ्यांच्या पोटात जाऊन बसतो. राहिलेली टोके कात्रीने कापली की गाठ कुठे दिसतच नाही. वरून नेलपॉलिश लावण्याचा मोह होईल, पण ते काही प्लॅस्टिकना खाते. लावू नये.

राहिला मानेमागचा सांधा, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच. दोन्ही तुकड्यांच्या मोकळ्या टोकांना छोटे फासे करावेत, ते जवळ आणावेत आणि शिवणाच्या साध्या सुती दोऱ्याचे एक-दोन वेढे घेऊन जोडावेत. जास्त नकोत. हा सांधा मुद्दाम कच्चा ठेवायचा आहे.

हे ऐकून आबा म्हणाले, "सुरगाठ मारली तर? ओढली का सुटते." पण सुरगाठ सुटते ती तिचे मोकळे टोक ओढल्यावर. बैल दावे ओढतो तेव्हा ती सुटत नाही, उलट आवळते. म्हणून तर बैल खुंट्याला राहतो. यंत्रही मोकळे टोक शोधून ओढत नाही. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पंपाचा पट्टा, ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट यांच्यात काही अडकले की ते सगळेच एकदम आत घेतात, मग तो पदर असो, उपरणे असो की चष्म्याचा गोफ असो. मळणी यंत्रांनी खेड्यापाड्यांत इतके हात तोडले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. गोफाचा सांधा झटक्यासरशी तुटला तर चष्मा जाईल आणि मान राहील. नायलॉनच्या दोरीत या दोन गोष्टींची अदलाबदल होते. आणि कच्चा सांधा आहे म्हणून निर्धास्तही होऊ नये. फिरत्या यंत्राजवळ जाताना गोफ सदऱ्याच्या आत खोचण्यापेक्षा चष्म्यासकट काढून ठेवावा. यंत्रापाशी नजर हवीच असेल तर गोफाविना दुसरा चष्मा ठेवावा.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. खाली गोधडी अंथरून चष्मा गोफाला धरून हलवावा. काड्यांच्या बांधण्या जागच्या हलता कामा नयेत. मग मानेमागचा सांधा दोन्ही हातांनी झटका देऊन तोडून पाहावा. तो सहज तुटला तर ठीक. नवा दोरा बांधायला दोन मिनिटे लागतात. तो तुटण्याआधी काडीची बांधणी सुटली किंवा बिजागरी वाकू लागली तर सांधा फार पक्का झाला असे समजावे आणि एक वेढा कमी करावा. लहान मुलांच्या चष्म्याला तर असा कच्चा सांधा असल्याशिवाय गोफ लावूच नये, आणि झोपताना, झाडावर चढताना तो काढून घ्यावा.

फवारणीबद्दल एक सांगायचे आहे. चष्मा म्हणजे फवारणीचा गॉगल नव्हे. बाजूने तुषार येतच राहतात. औषध वाचताना चष्मा, ते मोजून पिंपात घालताना चष्म्यावरून बंद गॉगल, आणि पंप पाठीवर घेतल्यावरही बंद गॉगल, असा क्रम ठेवावा. सुती गोफ औषध पितो आणि दिवसभर मानेला लावून ठेवतो. म्हणून फवारणीच्या दिवशी गोफाचा चष्मा डब्यात ठेवावा, आणि गोफावर औषध उडालेच तर तो कापून टाकून नवा करावा.

या सगळ्यात बाहेरून आणायला लागते ते फार थोडे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन आमच्या फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यासाठी उभारलेले टिळकनगर नंदलाल बोसांनी बांबू-चटयांसारख्या गावच्याच सामानातून सजवले होते. गांधीजींचा आग्रहच तसा होता. साधे सामान आणि नेटके काम यांची सोबत असली की कोणी हसत नाही, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

चष्मा मात्र बाजारातून डोळे झाकून घेऊ नये. आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्रशिबिरात डोळे तपासून घ्यावेत. जवळचे दिसत नाही म्हणून गेलेल्याला मोतीबिंदू किंवा काचबिंदू आहे असे तिथेच कळते, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. त्याची चौकशी तिथेच करावी.

गोफ घामाने कुजतो आणि उन्हाने विरतो, म्हणून त्याला जन्माचा समजू नये. पोळ्याला आपण बैलांची वेसण, मोरखी आणि कासरा नवा करतो. त्याच दिवशी, बैल धुऊन झाल्यावर, घरातल्या सगळ्या चाळिशांचे गोफही बदलून टाकावेत. वर्षभर बैलांइतकेच डोळेही राबलेले असतात.